भाताच्या खोलीतले मोजणीदार

“अंदाज नको वहिनी, माप सांगा.”

आमच्या घरात पाऊल टाकल्यावर मोजणीदारांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. आई एवढंच म्हणाली होती, “खोली तशी बरी आहे, एका माणसाला पुरेल.” त्यावर हे. आईला खोलीचं माप कुठं ठाऊक! तेव्हा त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि सारवलेल्या जमिनीवर सरळ उताणे आडवे झाले. डोकं भिंतीला, पाय दाराकडे. माणूस अंगानं उंच. टाचा नेमक्या उंबऱ्याला टेकल्या.

आई दचकलीच. “अहो, उठा उठा! असे दक्षिणेकडे पाय करून जित्या माणसानं निजू नये!”

“मग पूर्व-पश्चिम किती भरते ते बघतो,” असं म्हणून ते उठले आणि दुसऱ्या बाजूनं आडवे झाले. तिकडून टाचा आणि भिंत यांच्यात चार बोटं उरली. “भरली,” ते म्हणाले. “घेतली खोली.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोनार पंगतीला बसला तरी वाढणाऱ्या बाईच्या पाटल्यांचं मनातल्या मनात वजन करतो. कामावरून घरी येताना काम दाराबाहेर ठेवणं त्यांना जमत नाही. आमचे मोजणीदार त्यातले. पोलादपुरात त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. कचेरीच्या कागदावर ते भूकरमापक, बाजारात मोजणीदार. आमच्याकडेही तेच राहिलं.

त्यांच्याजवळ जपावी अशी एकच गोष्ट होती. त्यांनी रोवलेला हद्दीचा दगड कुणीही, कधीही तपासून बघावा, तो बोटभरही चुकलेला नसायचा. या एका गोष्टीवर ते ताठ चालायचे. ती मी घालवली. कशी, ते मी आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. आता सांगतो.

खोली भाड्यानं द्यायची वेळ का आली ते आधी सांगायला हवं. वडील गेले आणि पाठोपाठ कूळकायद्यानं आमची भाताची शेतं ज्याची त्याला गेली. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभं राहायचं त्यांनी आणि भात यायचा आमच्या घरात. पण भात यायचा बंद झाला, एवढं खरं. ओटीला लागून भाताची खोली होती, तिच्यात कणग्या असायच्या. त्या रिकाम्या झाल्या, मग उंदीरसुद्धा दुसरीकडे राहायला गेले. आईनं एक दिवस कणग्या माळ्यावर चढवल्या, खोली सारवली आणि म्हणाली, “भात नाही तर माणूस ठेवू.”

म्हणाली खरी, पण भाडेकरू हा शब्द तिच्या जिभेवर येईना. मोजणीदार आल्यावर तिनं आळीत सांगून टाकलं, लांबचे नातलग लागतात. शेजारच्या काकूंनी खात्री करून घ्यायला ओटीवर येऊन थेट त्यांनाच विचारलं, “नातं कसं म्हणायचं तुमचं?” मोजणीदार मोजणीची साखळी पुसत बसले होते. मान वर करून म्हणाले, “नातं नाही. खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा. कपडे माझे मी धुतो.”

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “बरंच झालं म्हणा. मी खोटं बोलले तेव्हापासून माझ्या छातीवर धोंडा होता.”

त्यांच्या भाड्यावर आमच्या घरात रॉकेल आलं, गोडंतेल आलं. आईचा फुटका चष्मा बदलला. प्राथमिक शाळेच्या मास्तरकीसाठी माझा अर्ज गेला होता. त्यापायी महाडच्या फेऱ्या व्हायच्या, त्याचं भाडंही त्यातूनच. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. हातात काम नाही, घरात कर्ता पुरुष म्हणून मान मात्र वडिलांचा. मोजणीदार मला पहिल्या आठवड्यापासून ‘मास्तर’ म्हणायला लागले.

“अजून ऑर्डर कुठं आली आहे?” मी म्हणायचो.

“येईल. तोवर हाकेची सवय होऊ दे.”

आईला सगळ्यात जास्त छळायचं ते त्यांचं जेवण. “आणखी थोडा भात वाढू?” तिनं विचारलं की ते घास हातात धरून थांबत. “थोडा म्हणजे किती, वहिनी?” शेवटी आईनं एक वाटीच त्यांच्या नावानं वेगळी काढली. मग ती दारातूनच विचारायची, “मोजणीदार, अर्धी की पाऊण?” आणि ते समाधानानं म्हणायचे, “पाऊण.”

ओटीपासून विहिरीपर्यंत किती पावलं, देवळाच्या पायऱ्या कुठं एक बोट खचल्या आहेत, बाजारातला कुठला दुकानदार कापड मोजताना गज तिरका धरतो, सगळं त्यांना पाठ. दर रविवारी ते ओटीवर बसून साखळी रॉकेलच्या फडक्यानं पुसत, एकेक कडी, तान्ह्या पोराचे कान पुसावेत तशी. ते पलीकडचे, घाट चढून वाईच्याही पुढच्या एका गावचे. बायको आणि एक मुलगी तिकडंच. मुलीची उंची त्यांच्या खिशात असायची. खरंच सांगतो. एक सुतळी होती. घरी गेले की मुलीला खांबाशी उभं करायचे आणि तिच्या डोक्याइतक्या अंतरावर सुतळीला गाठ मारायचे. कधी मोजणीहून दमून आले की ती सुतळी काढून दोन गाठींमधलं अंतर बोटांनी चाचपत बसायचे. “चार महिन्यांत एवढी,” मला दाखवायचे. “भात इतका वेगानं वाढत नाही, मास्तर.”

पहिल्या पावसाळ्यात मला हिवतापानं धरलं. त्यातच दरड कोसळून रस्ता बंद, गाडी बंद. गावात औषध संपलेलं. मोजणीदार घोंगडी पांघरून पायी महाडला गेले आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन पायीच परत आले. ओटीवर येऊन निथळत उभे राहिले. आई म्हणाली, “केवढं चाललात!” नेहमीसारखा पावलांचा आकडा येईल म्हणून मी तापातसुद्धा कान टवकारले. ते ओशाळून म्हणाले, “जाताना मोजत होतो वहिनी. मधेच ह्याच्या तापाचं मनात आलं आणि आकडा सुटला.”

त्यांचा आकडा सुटलेला मी तेवढाच पाहिला.

कूळकायद्याची राहिलेली मोजणी पुढं फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. सावित्रीच्या अंगाला आमची एक उतरती जमीन होती. तिचा अर्धा भाग आमचं जुनं कूळ धोंडू याच्याकडे गेला होता, अर्धा आमच्याकडे उरला होता. दोघांमधली हद्द मोजून दगड रोवायचे होते. धोंडू मुंबईला गिरणीत. शिमग्याला आणि पेरणीला गावी यायचा. शिमग्याला तो आला आणि मोजणीची तारीख लागली.

मोजणीदारांनी वरिष्ठांना अर्ज केला की मी याच घरी भाड्यानं राहतो, तरी या जमिनीला दुसरा माणूस द्यावा. उत्तर आलं की दुसरा माणूस नाही, तुम्हीच उरका. ते उत्तर त्यांनी दोनदा वाचलं आणि बाजारात जाऊन तांदळाची पिशवी घेऊन आले.

“वहिनी, ही मोजणी होईपर्यंत माझा भात यातला, वेगळा शिजवा.”

“का? आमच्या तांदळाला काय झालं?”

“ज्याची जमीन मोजायची त्याचं खायचं नाही. ज्यांनी मला साखळी धरायला शिकवलं त्यांचा नियम आहे.”

“भाड्याचे पैसे देता की तुम्ही! आम्ही काय फुकट घालतो?”

“धोंडूला ते कसं दिसणार?”

आईनं रागानं दोन चुली पेटवल्या. दोन भांड्यांत दोन भात. वाढताना मात्र तिची वाटी तीच. “पाऊण की पूर्ण? तुमचाच आहे, कितीही गिळा.”

“पाऊण,” मोजणीदार म्हणाले.

एरवी मोजणीला मी त्यांच्याबरोबर जायचो, त्या सवयीनं त्या दिवशीही साखळीचं टोक धरायला पुढं झालो तर त्यांनी हात आडवा केला. “मास्तर, आज तुम्ही पक्षकार. तिकडं सावलीत धोंडूशेजारी बसा.” मी आणि धोंडू लांब बसून बिडीच्या धुरातून बघत राहिलो. साखळी पसरली, झेंड्या हलल्या, खड्डे खणले, दगड रोवले. उन्हं कलायच्या आत काम झालं. आणि हद्दीच्या वळणावरचा फणस धोंडूच्या बाजूला गेला.

तो फणस वडिलांनी लावला होता. कापा, घट्ट गऱ्यांचा. वडील कुठूनशी आठळी घेऊन आले होते आणि मी चालायला लागलो त्या वर्षी ती रुजली, असं आई सांगायची. तिनं वाद घातला नाही. जेवताना एवढंच म्हणाली, “ह्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं बाहेर.”

मोजणीदारांनी घास खाली ठेवला. “झाडाला पाय असते तर मीच त्याला म्हटलं असतं वहिनी, चार पावलं अलीकडं ये बाबा.”

आई हसली. मला हसू आलं नाही. आमच्या घरात जेवणाऱ्या माणसानं आमच्या बापाचं झाड दुसऱ्याला दिलं, असं मला वाटलं. आज लिहिताना हे वाक्य किती क्षुद्र दिसतं. तेव्हा ते मला न्यायाचं वाटत होतं.

धोंडू मुंबईला परतला. वैशाखात त्याची बायको माहेरी लग्नाला गेली, मोजणीदार कामासाठी महाडला. मी भर दुपारी पहार घेऊन गेलो आणि वळणावरचा दगड उपटून धोंडूच्या अंगाला सहा हात सरकवून रोवला. जुना खड्डा बुजवला, वर पालापाचोळा ओढला. फणस आमच्या बाजूला आला. भीती वाटली नाही. उलट वडिलांचं काहीतरी देणं फेडल्यासारखं वाटलं.

तिन्हीसांजेला मोजणीदार आले. माझ्या तळहाताचे फोड त्यांना दिसले.

“हे काय, मास्तर?”

“लाकडं फोडली थोडी.”

“थोडी म्हणजे किती?”

“सगळंच मोजायचं असतं का?” मी ओरडलो.

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. मग आत जाऊन खोबरेल घेऊन आले आणि माझ्या हाताला लावत बसले.

पाऊस आला, गेला. खणलेली माती बसली, वर गवत वाढलं, धोंडूच्या बायकोच्याही काही ध्यानात आलं नाही. त्या पेरणीला धोंडूला गिरणीतून रजाच मिळाली नाही, शिमगाही चुकला. पुढच्या वैशाखात तो आला तेव्हा मी फणसावर चढून फणस उतरवत होतो.

“दादा, खाली उतर. झाड माज्यात हाय.”

“दगड बघ कुठं आहे तो.”

धोंडूनं दगड पाहिला. झाड पाहिलं. पुन्हा दगड पाहिला. मग सरळ बाजारात गेला. मोजणीदार चहाच्या दुकानासमोर उभे होते. चार माणसांत धोंडूनं त्यांना विचारलं, “काय वो मोजनीदार, भात वेगला शिजवत व्हता तो दाखवायला, आनि आतून कुनाचा खात व्हता?”

मोजणीदारांना काही कळेना. “काय झालं ते नीट सांग, धोंडू.”

“माप तुमी करता, सांगू काय मी? गिरनीत आमच्या मुकादमाला लाच देतात ती दिसते तरी. तुमची दिसत पन नाय!”

धोंडूनं अर्ज टाकला. जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार असं कळलं, तशी मोजणीदारांनी पुन्हा वेगळा तांदूळ आणला. आदल्या सकाळी मोजणीदार मला म्हणाले, “मास्तर, पहार घ्या आणि चला.”

वळणावर जाऊन त्यांनी साखळी लावली. एका टोकाला मी होतो. साखळीचे सोळा भाग असतात, त्या एकेका भागाला आणा म्हणतात, सुमारे दोन फुटांचा. त्यांनी आकडा मोजणीच्या वहीशी ताडून पाहिला आणि म्हणाले, “साडेचार आणे जास्त.” पुन्हा मोजलं. साडेचार आणे जास्त. मग त्यांनी दगड हलवायला सांगितला. मी हलवला. त्या खड्ड्यात हात घालून त्यांनी माती चाळली. काही नव्हतं. ते उठले, वहीतल्या आकड्यापाशी साखळीवरून चालत आले, बसले, आणि तिथली माती हातानं उकरू लागले. कोपरापर्यंत हात गेला. बाहेर आला तेव्हा त्यांच्या मुठीत कोळसे होते.

“दगडाखाली मूठभर कोळसा टाकायची जुनी पद्धत आहे,” ते म्हणाले. “लाकूड कुजतं, दगड हलतो. कोळसा जागा सोडत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही सावलीत बसला होतात.”

त्यांनी मूठ मिटली.

“दगड कशानं सरकला असेल, मास्तर?”

मी पहारीला चिकटलेली माती अंगठ्यानं काढली. म्हणालो, “गुरं अंग घासतात. पाऊस पण झाला ना गेल्या वर्षी.”

“पाऊस,” ते म्हणाले. एवढंच. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं आणि मग माझ्या हातांकडे.

हद्दीची खूण हलवणं हा फौजदारी गुन्हा आहे, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मास्तरकीच्या अर्जासाठी पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला लागतो, हेही त्यांना माहीत होतं. ते कोळसे त्यांनी उद्या साहेबांसमोर काढून दाखवले असते तर ते मोकळे झाले असते. त्यांनी ते परत खड्ड्यात टाकले, माती लोटली, पायानं दाबली. दगड मी जिथं रोवला होता तिथंच पुन्हा उभा करायला लावला. घरी येताना वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, “वहिनींना यातलं काही कळायला नको.”

त्या क्षणी मी त्यांचे पाय धरायला हवे होते, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो, गेली किती वर्षं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मोजून झालं. साहेब म्हणाले, “वहीतला आकडा बरोबर, दगड चुकीच्या जागी. हे कसं?”

“दगड रोवताना माझी चूक झाली,” मोजणीदार म्हणाले.

“दगडाखाली खूण घातली होती?”

“नाही साहेब. राहून गेली.”

धोंडू, मी, आणि अंतरावर जमलेली माणसं ऐकत होतो. साहेबांनी आमच्या घराच्या दिशेनं पाहिलं. “तुम्ही यांच्याकडेच जेवता ना?”

“होय साहेब.”

“मग चूक कसली म्हणायची?”

त्यांनी साखळी गोळा करायला घेतली. माप विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

दगड परत आपल्या जागी गेला, फणस धोंडूचा झाला. माझ्या हाती काहीच आलं नाही. त्यांची मात्र वेतनवाढ थांबली, कागदावर शेरा बसला आणि लांब बदली झाली. आमच्याकडून निघायच्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं, “वहिनी, मोजणी संपली. आज तुमच्या घरचा भात चालेल.”

आईनं वाटी हातात घेतली. “अर्धी की पाऊण?”

“आज तुम्ही ठरवा.”

आई वाटी बाजूला ठेवून पातेल्यातून वाढत राहिली आणि ते खात राहिले. घाटावर जाणाऱ्या गाडीत बसताना ते मला म्हणाले, “ऑर्डर आली की कळवा, मास्तर.” दोन महिन्यांनी ऑर्डर आली. मी कळवलं नाही.

नंतर आमच्या खोलीला गिऱ्हाइकं आली. दवाखान्यातला कंपाउंडर आला, एक एस.टी.चा कंडक्टर आला. घरात पैशाची गरज होतीच, माझा पगार तो केवढा. पण आई प्रत्येकाला सांगायची, “ती खोली ओल धरते, माणसाला बाधेल.” तिला काय कळलं होतं, किती कळलं होतं, मी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही. एकदाच, माझ्या शाळेतला एक मुलगा खोटं बोलला म्हणून मी त्याला छड्या मारल्याचं घरी सांगत होतो, तेव्हा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “तू मारलंस होय?” आणि पुन्हा सूप पाखडायला लागली.

आई गेली त्या वर्षी मी घाट चढून त्यांच्या गावी गेलो. बारा वर्षं झाली होती. एस.टी.तून उतरल्यावर पारावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, “मोजणीवाले? ते जाऊन चार सालं झाली. पोटाचं दुखणं. घर त्या बोळात, शेवटून दुसरं.” आणि मग, माझी पिशवी, माझं धोतर बघून, “कोकणातले का पाव्हणं? तिकडंच खाल्लं म्हणं त्यांनी. त्येच नडलं.”

त्यांच्या बायकोनं मला घोंगडी टाकून बसवलं. तांब्या आणून ठेवला. मी कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“तुमच्या आई बऱ्या हायत का? त्या वाटीनं भात वाढायच्या म्हणायचे.”

“आई गेली.”

“गेल्या व्हय.” त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. “मुलगी माझी सासरी हाय. बरं चाललंय. आधीची एक सोयरीक मोडली हुती, पण ही बरी मिळाली.”

“मोडली कशानं?”

“कशानं म्हंजी? बाप खाणारा म्हणून. भाऊकीतनंच सांगितलं कुनीतरी.” त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. “मी इचारलं हुतं त्यास्नी, बदली झाली तवा. म्हणलं, माझ्यापाशी तरी खरं सांगा, काय घेतलंत त्या घरातनं? म्हणाले, पाऊण वाटी भात. मला राग आला. मी म्हणलं, चेष्टा करता? पुन्हा इचारलं न्हाई.”

मी तेव्हा बोललो. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात बोललो. फणस, पहार, सहा हात, कोळसे, पाऊस, साहेब. त्यांनी स्वतःचं नाव घालवून माझं वाचवलं हे सांगितलं. मी त्यांच्या पायाशी वाकलो, पण त्या मागं सरल्या.

त्यांनी पदराचा चाळा सोडला. मग म्हणाल्या, “म्हंजी त्यांनी खाल्लं नव्हतं.”

“नाही.”

“येक दानासुद्धा?”

“नाही.”

“आन मी आठ वर्सं तेच धरून त्यांच्याबरूबर नांदले.” त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाजही चढला नाही. “त्यांच्या पानात वाढताना माझ्या मनात यायचं, की ह्यो माणूस बाहेर खाऊन आलेला हाय.”

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता त्या शिव्या देतील, किंवा जा म्हणतील. त्या उठल्या. आत जाऊन चुलीतल्या विस्तवावर राख ओढून आल्या. डोक्यावरचा पदर पुढं घेतला, पायात वहाणा सरकवल्या.

“चला.”

“कुठं?”

“मला सांगून काय हुतंय? मी काय गाव हाय?”

बोळात ऊन पडलं होतं. त्या पुढं, मी मागं. शेजारच्याच मोठ्या दाराशी त्या थांबल्या आणि कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आत अंधारात एक म्हातारे गृहस्थ बाजेवर बसले होते, बाईंचे थोरले दीर. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. बाईंनी मला उंबऱ्यापाशी पुढं केलं आणि म्हणाल्या,

“दाजी, ह्ये कोकणातलं मास्तर. ह्यांचं जरा ऐका.”

मी सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. म्हाताऱ्यांनी कानामागं हात धरला आणि मान हलवली.

“मोठ्यानं सांगा,” बाई माझ्या पाठीमागून म्हणाल्या. “त्यास्नी ऐकू कमी येतंया.”

मी मोठ्यानं सांगितलं. ‘दगड मी हलवला’ हे शब्द बोळात माझ्या आधी पुढं गेले. समोरच्या दारात कुणीतरी दळण थांबवून बाहेर आलं, वरच्या बाजूनं दोन पोरं धावत आली. म्हातारे अजूनही कानामागं हात धरून होते. मी तिसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं, पहिल्यापासून सांगू लागलो, आणि बाई तोवर पुढच्या घराच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.